म्हादूमामांचं मानपत्र

"यात जिथं जिथं म्हादबा कुराडे असं आहे, तिथं प्राचार्य इंगवले असं घाल आणि मोठ्यानं वाच," हेब्बाळकर मॅडम म्हणाल्या.

मी वाचलं. 'ज्ञानयज्ञात आपल्या आयुष्याची समिधा अर्पण करणारे, कर्तव्यतत्पर, निष्कलंक चारित्र्याचे धनी प्राचार्य इंगवले...' छान बसत होतं. मग त्यांनी साखर कारखान्याच्या चेअरमनचं नाव घालायला सांगितलं. तेही बसलं. स्टाफरूममधले दोन प्राध्यापक पेपर खाली ठेवून ऐकायला लागले होते. तिसऱ्या वेळी मॅडमनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर ग्राऊंडवर एक बैल रोलर ओढत होता.

"त्याचं नाव काय?"

मला ठाऊक नव्हतं. मॅडम म्हणाल्या, काहीतरी ठेव आणि वाच. मी राजा ठेवलं. 'निष्कलंक चारित्र्याचे धनी राजा' इथपर्यंत आले आणि दोघं प्राध्यापक फुटले. मीही हसायला गेले, पण डोळ्यांत पाणीच आलं.

मॅडमनी कागद माझ्या हातात परत दिला. त्यावर एकही खूण नव्हती. "सुलभा, बैलाला चालेल ते माणसाला द्यायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

ही एक्क्याण्णव सालातली गोष्ट. मी सुलभा हत्तरकी, हिरण्यकेशीच्या काठच्या आमच्या तालुक्याच्या गावातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांचं भांड्यांचं दुकान. शाळेत असल्यापासून तालुक्याच्या निबंध स्पर्धेत माझा पहिला नंबर ठरलेला. माझ्याकडे एक जाड वही होती, तिच्यावर मी 'सुंदर वाक्ये' असं लिहिलं होतं. दिवाळी अंकांतून, भाषणांतून, लग्नपत्रिकांतूनसुद्धा मी वाक्यं उतरवून घ्यायची. निबंधाचा विषय काहीही असो, पाच-सहा वाक्यं त्या वहीतून उचलली की बक्षीस घरात.

लेखनकौशल्य हा विषय मी घेतला तो कथा-कविता लिहायला शिकवतील म्हणून. वर्गात आम्ही बाराजण. मॅडम मूळच्या बेळगावच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी सबंध जुलै महिना आमच्याकडून अर्ज लिहून घेतले. नळाला पाणी येत नाही याचा अर्ज, एस.टी. वेळेवर येत नाही याचा अर्ज. माझ्या नळाच्या अर्जावर त्यांनी लिहिलं होतं, 'हे वाचून नळवाला रडेल, नळ दुरुस्त करणार नाही.' मला ते फार लागलं होतं. मॅडमना साहित्यातलं काही कळत नाही, असं मी मैत्रिणींना सांगत फिरले.

ऑगस्टमध्ये मानपत्राचं काम आलं. प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई म्हादबा कुराडे सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होते. संस्थेनं त्यांचा सत्कार ठरवला होता. त्याचं मानपत्र विद्यार्थ्यांनीच लिहावं असं प्राचार्यांनी सुचवलं, आणि वर्गातल्या अकरा जणांनी माझ्याकडे बोट केलं. मी एका बैठकीत लिहून टाकलं. त्याचं पुढं बैलापर्यंत काय झालं ते सांगितलंच.

गंमत अशी की ज्यांच्याबद्दल मी दीड पान लिहिलं, त्या माणसाला मी बघितलेलंही नव्हतं. आम्ही आर्ट्सच्या मुली सायन्सच्या बाजूला जायचो नाही. तिथं फॉर्मेलिनचा वास यायचा. दुसऱ्या दिवशी पदर नाकाला लावून मी गेले. उंच, काळेसावळे, खाकी शर्ट घातलेले मामा काचेची बरणी पुसत होते. सगळे त्यांना म्हादूमामाच म्हणायचे. मी वही काढली आणि विचारलं, आपल्या जीवनाचं ध्येय काय.

त्यांनी बरणी खाली ठेवली आणि खरोखर विचार केला. मग म्हणाले, "नवाला पाच कमी असताना कुलूप काढायचं."

मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. मी अजून सात प्रश्न विचारले, त्यांनी 'व्हय' आणि 'न्हाई' अशी उत्तरं दिली. घरी जाऊन मी मानपत्र दुसऱ्यांदा लिहिलं. ध्येयवाद, निष्ठा, सेवाभाव सगळं त्यात आणलं, आणि कुठेतरी मधे ते कुलपाचंही घातलं. मॅडमनी वाचलं, पेन घेतलं आणि त्या कुलपाच्या वाक्याभोवती एक चौकोन काढला.

"एवढं त्यांचं आहे. बाकीचं तुझं आहे, ते तुझ्या सत्काराला वापर."

मी चिडून म्हणाले की ते बोलतच नाहीत, मग मी काय करू. मॅडम म्हणाल्या, बसून बोलत नसतील तर काम करताना बोलतील. रविवारी ते बेडूक धरायला जातात. त्यांच्याबरोबर जा.

घरी आईनं कपाळाला हात लावला. भांडीवाल्या हत्तरकींची लेक बेडूक धरायला निघाली, हे गावात कुणाला सांगायचं नाही अशी तिनं तंबी दिली. वडील मात्र हसले आणि त्यांनी मला आपली जुनी गमबुटं दिली. ती मला दोन आकडे मोठी होती.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही नदीकाठच्या भाताच्या खाचरांत उतरलो. मामांच्या खांद्यावर ओलं पोतं होतं. पहिला अर्धा तास त्यांनी मला बोलूच दिलं नाही. बेडकाला हललेलं दिसतं, थांबलेलं दिसत नाही, असं त्यांनी खुणेनं समजावलं. ते एका जागी इतके गप्प उभे राहायचे की बांधावरचा माणूस नसून खुंट वाटावा. मग हात कधी गेला ते दिसायचं नाही, नुसता बेडूक पोत्यात पडल्याचा आवाज यायचा. मीही एकदा वाकले, बूट चिखलात रुतला, पाय बाहेर आला, आणि मी सगळी आडवी झाले. मामा धावत आले. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. पण तोंडावरचा चिखल पुसल्यावर मी जी हसायला लागले ती थांबेना, आणि मग तेही बांधावर बसून हसायला लागले.

त्यानंतर ते बोलले. मी वही काढली नाही, कारण ती भिजली होती. बहात्तरच्या दुष्काळात ते सायकलवरून संकेश्वरच्या पलीकडच्या तळ्यावर जाऊन बेडूक आणायचे, वाटेत प्रत्येक विहिरीवर उतरून पोत्यावर पाणी मारायचे. पोटात अंडी असलेली मादी त्यांनी कधी आणली नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात रोज एक कांदा असायचा. पहिल्यांदा बेडूक कापताना कुणी ना कुणी चक्कर येऊन पडतं, मग कांदा फोडून नाकाशी धरायचा. मी म्हटलं, मुली पडत असतील. ते म्हणाले, मुली बसून घेत्यात, पडत्यात ती पोरं, आणि जितकी मिशी मोठी तितकं लवकर.

परत येताना त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. "ते लिवून झालं की काचंत घालून देत्यात न्हवं?"

मी हो म्हटलं. फ्रेम करून देतात.

"मग भितीवर लावणार. मला वाचाय येत न्हाई, बाळ. नातू वाचून दावंल, पावनं वाचतील. माझ्याविषयी कागदावर एवढंच असणार बघ. तवा जे हाय ते लिव."

तोपर्यंत मला ते काम मार्कांचं वाटत होतं. गुडघाभर चिखलात उभी राहून मी त्यांना शब्द दिला, की जे आहे तेच लिहीन.

मग मला लिहायची घाई लागली. नोकरीला लागल्याची तारीख हवी म्हणून मी ऑफिसात गेले, तर हेडक्लार्कनी त्यांचं सर्व्हिस बुकच पुढं टाकलं. एकोणीसशे साठ सालचा जून. पानं उलटता उलटता एका पानावर लाल शाईतला शेरा दिसला. मार्च १९६९. 'निष्काळजीपणा. टाकीचे झाकण उघडे राहिल्याने प्रात्यक्षिक परीक्षेसाठी आणलेले बेचाळीस बेडूक पळाले. परीक्षा पुढे ढकलावी लागली. अकरा दिवस निलंबन.' खाली विभागप्रमुख प्रा. अत्तार यांची सही.

मी ते पान दोनदा वाचलं. बेडकाच्या अंड्यांची काळजी घेणारा माणूस झाकण लावायला विसरतो, हे काही मला पटेना. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मामा दारात पोतं शिवत बसले होते, हौसामामी, म्हणजे त्यांची बायको, भाजी निवडत होत्या. मी शेऱ्याचं विचारलं तसे मामा हसले आणि म्हणाले, हुतंय तसं कवातरी. मामी हसल्या नाहीत.

"बावीस वर्सं हसण्यावारी न्हेताय," त्या म्हणाल्या. "सांगा की तिला. न्हाईतर मी सांगती."

आणि त्यांनीच सांगितलं. परीक्षेच्या सकाळी मामा आठ वाजता प्रयोगशाळेत पोचले तेव्हा दाराशी एक मुलगा उभा होता. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याची आई वारली होती. प्रेत घरात होतं. त्यानं प्राचार्यांच्या घरी जाऊन विचारलं होतं, परीक्षा नंतर घेता येईल का. त्या वेळचे प्राचार्य म्हणाले होते, विद्यापीठाची तारीख आहे, बाहेरचे परीक्षक आलेत, एकासाठी बदलत नाही. प्रात्यक्षिक चुकलं तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर बाप पुन्हा कॉलेजला पाठवणार नव्हता. तो मामांना म्हणाला, आईला पोचवायला जाऊ का परीक्षेला बसू, तुम्हीच सांगा. मामांनी त्याला घरी जायला सांगितलं. मग टाकीचं झाकण काढलं, बेडूक पोत्यात भरले आणि कॉलेजच्या मागच्या ओढ्याला सोडून दिले. बेडूकच नाहीत म्हटल्यावर परीक्षक कोल्हापूरला परत गेले. परीक्षा दहाव्या दिवशी झाली.

"त्या लाल शाईपायी ह्यांची वरची जागा चुकली," मामी म्हणाल्या. "निष्काळजी म्हणून. घरात मीठ सांडलं तर जिवाला लागतंय ह्या माणसाच्या. तो एक शबुद मला अजून गिळत न्हाई."

मी मामांना विचारलं, हे लिहू का. ते बराच वेळ सुई ओढत राहिले. मग म्हणाले, बेडकाचं लिव, आता रिटायर झाल्यावर कोण काय करतंय. पण त्या पोराचं काही यायला नको. त्याला काही ठाऊक नाही. बेडूक आपोआप गेले, देवानं केलं, असंच त्याला वाटतं. "ठाऊक झालं तर जल्मभर वझं वाटंल त्येला. त्ये नगं."

त्या आठवड्यात मी पाच वेळा लिहिलं. पाचवा कागद मॅडमना दिला तेव्हा माझी खात्री होती की त्यांचे डोळे भरून येणार. मुलाचं नाव मी गाळलं होतं, पण दारात उभा असलेला तो, घरात ठेवलेली आई, सगळं होतं. मॅडमनी वाचलं. खाचरं, कांदा, दुष्काळातली सायकल यांना त्यांनी हात लावला नाही. मुलाच्या परिच्छेदाशी मात्र थांबल्या. मामांची अट मी त्यांना आधीच सांगितली होती.

"त्यांनी काय नको म्हणून सांगितलंय?"

मी म्हटलं, नाव नाही घातलं मॅडम.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी ज्याची आई वारली असे त्या वर्गात किती होते? तो जिथं असेल तिथं ओळखेल. आणि हे सुंदर झालंय म्हणून तुला सोडवत नाहीये. सोड."

मी तो परिच्छेद त्यांच्यासमोर खोडला. तेवढं अवघड काम मी तोवर कधी केलं नव्हतं. राहिलं ते एवढंच, की १९६९ साली झाकण उघडं राहिलं आणि बेडूक गेले. म्हणजे पुन्हा तोच निष्काळजीपणा. सगळंच गाळावं, तर जे आहे तेच लिहीन हे माझं वचन जात होतं. खरं लिहावं तर मामांचा शब्द मोडत होता, न लिहावं तर मामींच्या गळ्यात अडकलेला तो शब्द आता काचेतसुद्धा जाणार होता.  मॅडम म्हणाल्या, यावर उपाय मलाही सुचत नाही, तुला सुचला तर बघ. गुरू असं म्हणू शकतात हे मला नवीन होतं.

त्यात प्राचार्य इंगवले आडवे आले. माणूस वाईट नव्हता. पण कुठलाही कागद हातात आला की हा कुणाला दुखवेल हे ते आधी बघायचे. सत्कारात त्या जुन्या निलंबनाचं कशाला, 'निष्कलंक सेवा' असं लिहा की, असं त्यांचं म्हणणं. मॅडम अडून बसल्या. शेवटी प्राचार्य म्हणाले, ज्यांनी तो शेरा लिहिला ते अत्तार सर गावातच आहेत. हरकत नाही असं त्यांनी लेखी दिलं तर माझीही नाही.

अत्तार सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्यांचं नाव काढलं की सायन्सची जुनी मुलं सरळ बसायची. मी घाबरत गेले. ते अंगणात तोंडल्याचा वेल मांडवाला बांधत होते. काम काय ते न विचारता त्यांनी माझ्या हातात सुतळीचं टोक दिलं आणि धरून उभं राहायला सांगितलं. एक फांदी बांधून झाल्यावर चष्मा लावून कागद वाचला.

"बेचाळीस नव्हते," ते म्हणाले. "एक्केचाळीस गेले. एक टाकीत राहिला होता. आळशी असावा."

मी म्हटलं, सर, शेऱ्यात बेचाळीस आहे. तुमची सही आहे.

"शेऱ्यात झाकण उघडं राहिलं असंही आहे." त्यांनी सुतळीला गाठ मारली, ती ओढून बघितली. "आदल्या संध्याकाळी झाकण मी स्वतः लावलं होतं. वर वीट ठेवली होती. सकाळी गेलो तर झाकण भिंतीला टेकवून उभं, आणि वीट खाली, कडेला नीट ठेवलेली. बेडूक वीट उचलत नाही. उचललीच तर नीट ठेवत नाही."

माझ्या हातातली सुतळी सुटली. त्यांनी ती उचलून परत माझ्या हातात दिली.

"मग सर, तुम्ही तसं का लिहिलंत?"

"प्राचार्यांना कारण लेखी हवं होतं. मुद्दाम केलं असं लिहिलं असतं तर म्हादबाची नोकरी त्याच दिवशी गेली असती. काहीच नाही लिहिलं असतं तर चौकशी बसली असती आणि सगळं बाहेर आलं असतं. मी अर्धा तास पेन धरून बसलो. मग निष्काळजीपणा हा शब्द सापडला. अकरा दिवसांवर भागलं." ते पुढच्या फांदीकडे वळले. "तीस वर्षं नोट्स लिहिल्या, अहवाल लिहिले. शोधून लिहिलेला शब्द तो एकच."

का सोडले बेडूक, हे त्यांनी मामांना विचारलं होतं का, असं मी विचारलं. सर म्हणाले, नाही. दहाव्या दिवशी परीक्षेला हजेरी घेताना एका मुलाचं डोकं भादरलेलं दिसलं. मग विचारायचं काही राहिलं नाही. दोघं त्यानंतर सोळा वर्षं एका खोलीत काम करत होते. यावर एक शब्द कधी निघाला नाही.

वेल बांधून झाल्यावर त्यांनी माझ्या कागदाच्या समासात 'हरकत नाही' असं लिहून सही केली. मी जायला निघाले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. विचारलं, "सर, वीट लिहू?"

"लिहा. वीट माझीच आहे."

घरी जाईपर्यंतसुद्धा मला धीर निघाला नाही. नदीच्या घाटावर बसून मी कागद मांडीवर घेतला आणि ती तीन वाक्यं लिहिली. 'मार्च १९६९ मध्ये परीक्षेच्या सकाळी टाकीतले एक्केचाळीस बेडूक ओढ्याला गेले. झाकण उघडं राहिलं, अशी नोंद आहे. झाकणावर वीट होती.' मग पुढं काहीतरी हवं असं वाटून हात चालायला लागला, आणि माझा मीच थांबवला. अंगातून असा आनंद सळसळला की पाण्यात खडे टाकत मी तिथंच कितीतरी वेळ बसले. धुणं धुणाऱ्या बायका बघायला लागल्या तेव्हा उठले.

मॅडमनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग पेनाला टोपण लावलं.

"वीट कुणी सुचवली?"

"वीट अत्तार सरांची आहे. जागा मी शोधली."

"जागा म्हणजेच लिहिणं," मॅडम म्हणाल्या. त्या सबंध वर्षात त्यांनी माझं कौतुक केलं ते तेवढंच, पण मला ते पुरलं. प्राचार्यांनी वाचून विचारलं, ही वीट कसली. मॅडमनी शांतपणे समासातली सही दाखवली. कागद छापायला गेला.

सत्कार तीस सप्टेंबरला दुपारी होता. हॉल भरला. शेतावरून, बँकांतून, दवाखान्यांतून जुनी सायन्सची मुलं आली होती, कित्येकांचे केस पिकलेले. स्टेजवर मामा गुलाबी फेट्यात आखडून बसले होते. पहिल्या रांगेत हौसामामी, तिसऱ्या रांगेत कडेला अत्तार सर.

मी वाचायला उभी राहिले. 'मामा, तुम्ही एकतीस वर्षं नवाला पाच कमी असताना कुलूप काढलंत,' असं पहिलं वाक्य होतं. आपण, श्रीयुत, महोदय असलं काही नव्हतं. लोक आधी जरा गोंधळले. दुष्काळातल्या सायकलला माना हलल्या. कांदा आला तेव्हा पहिला मोठा हशा झाला, आणि एक मिशाळ डॉक्टर उभा राहून म्हणाला की तो कांदा मी हुंगलाय. मग आणखी चौघांनी हात वर केले. हॉल शांत व्हायला वेळ लागला. मग मी ती तीन वाक्यं वाचली.

आधी तिसऱ्या रांगेत अत्तार सर हसले. त्यांना हसताना बहुधा कुणी बघितलं नव्हतं. आख्खा हॉल मागं वळून बघायला लागला आणि मग हसू पुढून मागं, मागून पुढं पसरत गेलं. मामांना बेडकांची दया आली असावी असं बऱ्याच जणांनी धरून घेतलं. धरू दिलं. खरं काय ते त्या हॉलमध्ये मिळून पाच जणांना ठाऊक होतं, आणि त्यांपैकी मामा स्टेजवरून अत्तार सरांकडे एकटक बघत होते.

टाळ्या थांबल्यावर सगळ्यांनी मामांना बोलायचा आग्रह धरला. ते माइकसमोर आले. म्हणाले, भाषण येत नाही, जे येतंय ते म्हणतो. आणि हात मागं बांधून त्यांनी बेडकाच्या मेंदूतून निघणाऱ्या दहा नसांची इंग्रजी नावं ओळीनं म्हणायला सुरुवात केली. ऑलफॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर. अक्षर न येणाऱ्या त्या माणसानं ती एकतीस वर्षं ऐकून ऐकून पाठ केली होती. चौथ्या नावाला जुनी मुलं त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. दहाव्या 'व्हेगस'ला हॉलचे पत्रे हलले.

खाली उतरल्यावर ते थेट अत्तार सरांपाशी गेले. मी फ्रेम धरून मागंच होते.

"सर, तुमास्नी ठावं हुतं?"

"वीट मीच ठेवली होती, म्हादबा."

मामा वाकून सरांचे पाय धरायला गेले तसं सरांनी त्यांना मधेच धरलं, आणि दोघं तसेच, एकमेकांचे दंड धरून, उभे राहिले. नंतर सरांनी त्यांना विचारलं की तोंडल्याचा वेल फार पसरलाय, उद्या येशील का. उद्यापासून मला सुट्टीच हाय, मामा म्हणाले.

माणसं पांगली. मी पायऱ्यांवर बसले होते. हौसामामी फ्रेम पदराखाली घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. अत्तार सरांचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी फ्रेम माझ्या पुढ्यात धरली.

"ते तेवढं परत वाच. विटेचं."

मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "अजून एकदा." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि काचेवर बोट फिरवत, अक्षर भलतंच धरून, ती तिन्ही वाक्यं स्वतःच म्हणून दाखवली. एकही शब्द गाळला नाही. फक्त शेवटचं वाक्य त्या जरा दाबून म्हणाल्या.

"झाकणावर वीट होतीच."

मी 'होती' लिहिलं होतं. घरी गेल्यावर माझ्या प्रतीत मी तो 'च' घातला.